सहा माईक, एक काटा

माझ्या डब्यात दोष नाही, हे वाक्य मी त्या आठवड्यात वीसेक वेळा तरी म्हटलं असेल. स्टुडिओच्या बाईंना फोनवर म्हटलं, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला त्याने विचारलं नसताना म्हटलं, आणि सकाळी दात घासताना आरशातल्या बाईलाही ऐकवलं. राग माझ्या नाकावर असतो, हे ओळखीच्या सगळ्यांना माहीत आहे. मामाने मला लहानपणीच ठिणगी हे नाव ठेवलं आणि पुढे सोल्डरिंगचं काम शिकवून ते पक्कं करून टाकलं.

डबा म्हणजे सहा माईकचा प्रीॲम्प. माईकमधून निघणारा आवाज फार अशक्त असतो. रेकॉर्डरने त्याची दखल घ्यावी इतका तो आधी वाढवावा लागतो, आणि ते काम प्रीॲम्प करतो. सहा माणसं एका टेबलाभोवती बसून बोलणार असतील तर सहा माईक आणि सहा प्रीॲम्प. मी ते सहाही एका पत्र्याच्या डब्यात बसवले होते. पण कोणाचा आवाज किती चढला हे दाखवणारं काट्याचं मीटर मात्र एकच. त्याच्या शेजारी गोल गोल कितीही फिरणारा एक स्विच. एकवर ठेवला की काटा पहिल्या माईकचा आवाज दाखवतो, दोनवर दुसऱ्याचा, असं सहापर्यंत. शून्यावर ठेवला की काटा कोणाचाच नाही, डावीकडे गप्प पडून राहतो.

एकच काटा, कारण चांगला काटा एकच होता. तो मामाचा. मोडीत निघालेल्या आवाज मिसळायच्या एका जुन्या मिक्सरमधून त्याने तो काढून घेतला होता आणि पंधरा वर्षं कापसात गुंडाळून ठेवला होता. हल्ली मिळणारी मीटरं दिसायला झकपक असतात, पण त्यांचा काटा कधी उशिरा पोचतो, कधी उगाच पुढे पळतो. हा काटा जितकं असेल तितकंच सांगायचा.

डबाही मामासाठीच होता. मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. शहरातल्या एका स्टुडिओत फक्त ऐकायची नाटकं होतात, तेरा-तेरा भागांची, तिथे तो आवाज रेकॉर्ड करायचा. काचेच्या एका बाजूला सहा नट, दुसऱ्या बाजूला मामा आणि त्याच्यापुढे आवाज कमीजास्त करायचा बोर्ड. तेवीस वर्षं तो त्या एकाच खुर्चीत बसत होता. खुर्चीची गादी दोनदा बदलली, मामा बदलला नाही.

डब्याचं ठरलं तेव्हा मामा म्हणाला होता, "सहा काटे लाव."

"सहा? ते कशाला?"

"प्रत्येकाला एक. म्हणजे सगळे एकदम दिसतील."

मला हसू आलं. "एकच मीटर पुरतं, हे मला कोणी शिकवलं मामा? एकाकडे बघायचं, बाकीच्या पाचांना ऐकायचं. तुझेच शब्द आहेत. आणि कान कशाला ठेवलेत मग, चष्मा अडकवायला?"

मामाही हसला. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. "बरं, एकच लाव," म्हणाला. तेव्हा मला वाटलं, आपण काय झकास बोललो.

डबा स्टुडिओत गेला आणि अकरा दिवसांनी बाईंचा फोन आला. बाई म्हणजे स्टुडिओच्या मालकीण. आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडताच येत नाही. त्यांनी सांगितलं की नाटकाचा तिसरा, चौथा आणि पाचवा भाग वाया गेला. आवाज फाटला होता. कोणी मोठ्याने हसलं किंवा ओरडलं की त्या जागी पत्रा कापल्यासारखी खरखर. ज्या नटाला सगळे घसा म्हणतात, त्या दणदणीत माणसाचा तर एक संवाद धड नव्हता. आणि हे लक्षात आलं कधी, तर संकलन करणारीने तिन्ही भाग ऐकायला घेतले तेव्हा. रेकॉर्डिंग चालू असताना काचेआडून कोणी हात वर केला नव्हता.

"मला एवढंच कळवा," बाई म्हणाल्या. "दोष डब्याचा आहे की माणसाचा. डब्याचा असेल तर तुम्ही दुरुस्त करून द्या. माणसाचा असेल तर शनिवारपासून मी त्या खुर्चीत दुसऱ्या कोणाला बसवते. गुरुवारी पाचपर्यंत सांगा."

"माझ्या डब्यात दोष नाही," मी म्हणाले. म्हणजे दोष मामाचा आहे असंच मी सांगितलं, हे मला फोन ठेवल्यावर कळलं.

डबा माझ्याकडे परत आला. माझं दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला टेबल, त्यावर दिवा, मोजायची यंत्रं आणि एक स्पीकर. समोरच्या भिंतीवर हत्यारं टांगायची फळी. सोमवारी मी डबा टेबलावर घेतला आणि मामाने शिकवलं होतं तसंच तपासायला बसले. वीज देण्याआधी स्विच शून्यावर आणायचा, ही त्याची पहिली शिकवण. नाहीतर पहिल्या झटक्याला काटा उजवीकडे जाऊन आपटतो आणि वाकतो. वाकलेला काटा मग आयुष्यभर थापा मारतो. माझ्या बोटांना त्याची इतकी सवय आहे की स्विच कधी शून्यावर गेला हे मला कळतही नाही. शून्यावर ठेवला, वीज दिली, एकेका प्रीॲम्पमध्ये आवाज सोडला आणि टेबलावरच्या माझ्या मीटरने मोजला. सहाच्या सहा सरळ. मंगळवारी पुन्हा सरळ. बुधवारी चिडून उलट क्रमाने मोजले, तरी सरळ.

मग मामाच चुकला असणार. पण हे मानायला माझं मन तयार होईना. मी त्याच्या शेजारी स्टुलावर बसून वाढले. काचेपलीकडे कोणी कागद जरा जोरात उलटला तर मामा न बघता म्हणायचा, तीन नंबर, पान हळू. असा माणूस तीन भागभर फाटलेला आवाज ऐकत गप्प बसेल कसा? मी त्याला फोन केला तर फोन मामीने घेतला. त्यात नवल नव्हतं. मामा फोनवर येतच नाही. फोन वाजला की जवळ असेल त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, तूच बोल. आम्ही सगळे त्याला त्यावरून साहेब म्हणून चिडवायचो. गेल्या काही दिवसांत त्याने एक चांगली सवयही लावून घेतली होती. कोणी बोलायला लागलं की हातातलं काम ठेवून त्याच्या तोंडाकडे बघायचं. घरात त्याचं कौतुक व्हायचं, किती लक्ष देऊन ऐकतो म्हणून.

गुरुवारी दुपारी मामी दुकानात आली. मामी एका शाळेच्या ग्रंथालयात आहे आणि वस्तूंना हात लावल्याशिवाय तिला त्या दिसत नाहीत. आल्या आल्या तिने दिवा खालीवर करून बघितला, चिमटा उघडून मिटला.

"तुझा मामा दोन दिवस धड जेवला नाहीये," ती म्हणाली.

"बाई त्याला काही बोलल्या का?"

"काहीच नाही. पण त्याला कळलंय. लोकांच्या तोंडावरून कळतं त्याला." तिने टेबलाकडे मान वळवली. "हा का तो डबा?"

डबा चालू होता. तपासणीसाठी मी एक जुनं रेकॉर्डिंग त्याच्या तीन नंबरमधून सोडलं होतं. एक बाई संथ आवाजात गोष्ट वाचते आणि ती स्पीकरमधून ऐकू येते, एवढंच. मी काही उत्तर द्यायच्या आत मामीने स्विच धरला आणि फिरवला. खट, खट, खट. मी तिला ओरडणार होते.

"अगं, ही बाई खाली का बसली?" मामी म्हणाली.

"कोण बाई?"

"ही वाचणारी. एकदम मेंगळटासारखी वाचायला लागली." तिने स्विच आणखी एक घर पुढे नेला. "आता उठली बघ."

मी तिच्या हातातून स्विच काढून घेतला. एक, दोन. बाई ठणठणीत. तीन. बाईचा आवाज सरळ सरळ खाली आला, शब्दांची धार गेली, पडद्यामागून बोलावं तशी बोलायला लागली. चार. पुन्हा ठणठणीत. तीन दिवस मी डबा मोजला होता, आणि तिन्ही दिवस स्विच शून्यावर होता. काटा कोणालाही लावलेला नसताना मी सहाही जणांची तब्येत बघत बसले होते.

डब्याचं झाकण काढलं आणि मला माझी चूक समोर दिसली. मामाची दुसरी शिकवण अशी की काट्याने बघायचं, खायचं नाही. काटा हलवायला थोडी ताकद लागते, आणि मीटर प्रीॲम्पला नुसतं जोडून दिलं तर ती ताकद ते आवाजातूनच ओढून घेतं. म्हणून मधे एक छोटं सर्किट घालायचं, बफर म्हणतात त्याला. त्याने काट्याला वेगळं खायला घालायचं, म्हणजे तो आवाजाच्या ताटात हात घालत नाही. माझ्या कागदावरच्या चित्रात बफर होता. डब्यात नव्हता. शेवटच्या दिवशी जागा पुरेना म्हणून मी तारा सरळ जोडल्या होत्या, नंतर घालू म्हटलं होतं, आणि नंतर साफ विसरले होते.

पुढचं सगळं मग उघड होतं. मामा काटा तिसऱ्या नटाकडे न्यायचा, की तिसऱ्याचा आवाज तिथल्या तिथे बसायचा. काटा कमी दाखवतोय म्हणून मामा त्याला बटणाने बरोबर रेषेपर्यंत वाढवायचा. मग काटा चौथ्याकडे जायचा, आणि तिसरा सुटून हवं त्यापेक्षा वर चढायचा. काटा ज्याच्याकडे, तेवढा एक शहाणा. बाकीचे पाच मोकाट. त्यात कोणी खदखदून हसलं की संपलंच.

मी मामीला मिठी मारली. दोष माझा होता, आठवडाभर मी लोकांना तोंड वर करून उलटं सांगत होते, आणि मला आनंद झाला होता. मामा सुटला होता. मी मामीला सगळं समजावून सांगितलं, हातवारे करून, काट्याच्या जेवणासकट. तिने ऐकून घेतलं.

"पण मला ऐकू आलं," ती म्हणाली.

"हो ना. किती सहज."

"मला ऐकू आलं. मला, जिला रेडिओची स्टेशनं लावता येत नाहीत." तिने चिमटा टेबलावर ठेवला. "मग त्याला अकरा दिवस कसं नाही ऐकू आलं?"

जे उत्तर सुचत होतं ते मला नको होतं. वाचणारी बाई वाचतच होती. मी ती बंद केली.

मामी स्टुलावर बसली. "दोन वर्षं झाली," म्हणाली. "दाराची बेल मीच ऐकते. नळ चालू राहिला तर मीच बंद करते. मागून हाक मारली तर वळत नाही. आम्ही त्याबद्दल बोलत नाही. मी विचारत नाही, तो सांगत नाही."

"डॉक्टरकडे?"

"एकटाच जाऊन आला. कानात घालायचं यंत्र आहे कपाटात. स्टुडिओत ते घालून कसा जाणार, तूच सांग. आवाजाच्या माणसाने?" मग तिने माझं मनगट धरलं. "तू बाईंना एवढंच सांग की डब्याचा दोष होता. खोटं आहे का ते?"

"खोटं नाही."

"मग झालं तर."

मामी गेली आणि मी पाच वाजायची वाट बघत बसले. मनात वाक्य तयार करून ठेवलं. डब्यात दोष होता, तो माझा होता, आणि तो इतका बारीक होता की कानाला कळण्यासारखा नव्हता. पहिले दोन तुकडे खरे होते. तिसऱ्यावर मामाची खुर्ची उभी होती.

मामा सव्वाचारला आला. दार लोटून त्याने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग डब्याकडे. "काय खबर?"

"डबा चुकला माझा. मीटरला बफरच घातला नाही."

त्याने वाकून आत बघितलं. एकेका तारेवरून बोट फिरवत स्विचपर्यंत आला आणि मग मला बोलायला लागला. पाच मिनिटं बोलला. शाळेत जात होतीस तेव्हापासून सांगतोय, म्हणाला. डोकं घरी ठेवून येतेस का दुकानात, म्हणाला. मी मान खाली घालून काहीतरी पुटपुटले, तर म्हणाला, "वर बघून बोल." खरं सांगते, ती बोलणी मला गोड लागत होती. तापलेला मामा म्हणजे माझ्या ओळखीचा मामा होता.

"किती खात होता?" त्याने विचारलं.

"थोडंसंच. अर्धा डेसिबल."

मामाने टेबलावरचं मीटर जवळ ओढलं, तारा लावल्या, तीन नंबरला आवाज सोडला, स्विच तीनवर नेला, परत आणला. त्याचे हात अजून माझ्यापेक्षा चपळ आहेत.

"तीन आहे," तो म्हणाला. "तीनाला अर्धा कधीपासून म्हणायला लागलीस?"

मी डब्याचं झाकण उगाच सरळ करून ठेवलं.

"तीन डेसिबल ऐकू यायला हवेत. घशाला, बाईंना, कोणालाही." त्याने टेबलावरची चिकटपट्टी घेतली, एक तुकडा मीटरच्या काचेवर लावला, दुसरा स्विचच्या आकड्यांवर. "ती वाचणारी बाई लाव."

मी लावली. मामाने स्विच पाचसात वेळा गरगरा फिरवला, म्हणजे हाताला जागा ओळखता येऊ नये. मग एकेक घर पुढे न्यायला लागला. खट. खट. खट. बाई खाली बसली.

"इथे," मामा म्हणाला.

बरोबर होतं. त्याने पुन्हा गरगरा फिरवला. खट, खट. "इथे." पुन्हा बरोबर. पाच वेळा केलं, पाचही वेळा बरोबर. मला नाचावंसं वाटलं. मामी उगाच घाबरली, उगाच त्याला म्हातारा करून ठेवलं तिने, आता पहिला फोन तिलाच करते, असं सगळं माझ्या डोक्यात धावून गेलं. सहाव्या वेळी माझं लक्ष गेलं की मामा डब्याकडे बघतच नाहीये. बोटं स्विचवर, आणि नजर माझ्या तोंडावर. बाई खाली बसली की माझ्या भुवया हलत असणार, नाहीतर ओठ. मला त्याचा पत्ताही नव्हता.

मला कळलंय हे त्यालाही कळलं. "भिंतीकडे तोंड कर," तो म्हणाला.

"राहू दे ना मामा."

"कर म्हटलं ना."

मी वळले. समोर हत्यारांची फळी. मी पक्कडी मोजल्या, सहा होत्या. मागे खट, खट. बाई खाली बसली आणि मी श्वास धरून ठेवला. मामा काही बोलला नाही. खट. बाई उठली. सगळा फेरा झाला, बाई पुन्हा बसली, पुन्हा उठली. दुसरा फेरा. तिसरा. मग स्विच थांबला. बाई भर आवाजात वाचत होती, एकेक अक्षर स्वच्छ.

"इथे असेल?" मामाने विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

स्विच पुढे गेला नाही. "इथे असेल?" त्याने पुन्हा विचारलं, त्याच आवाजात. तेव्हा मला कळलं की मी भिंतीला उत्तर दिलं होतं, आणि मला वळावं लागलं.

"नाही," मी त्याच्याकडे बघून म्हणाले.

मामाने मान हलवली. वाचणाऱ्या बाईला त्यानेच बंद केलं. "आवाज आहे एवढं कळतं," म्हणाला. "तो वर गेला की खाली, ते नाही कळत. स, श तर कधीच गेले. काचेपलीकडे सहा तोंडं दिसतात. एकाचा आवाज चढला की शेजारचा मागे सरकतो, ते बघून मी बटणं फिरवायचो. बरं चाललं होतं. मग घसा हसायला लागला की सगळेच हसतात, त्यात कोण मागे सरकलं काय समजणार." तो स्टुलावर टेकला. "म्हणून सहा काटे मागितले होते."

मला माझं ते झकास वाक्य आठवलं, चष्मा अडकवायचं. मी त्याची माफी मागितली. नीट, समोर बसून, एकेक शब्द सुटा करून मागितली. त्याच्याशी असं बोलायचं असतं हे दोन वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मला स्वतःला कळायला हवं होतं. मला लाज वाटली आणि मी तसं म्हणालेही.

"विनोद चांगला होता," मामा म्हणाला. "मामीला सांगितला मी. ती नाही हसली."

पावणेपाच झाले होते. मी म्हणाले की बाईंशी मी बोलते, डब्याचा दोष होता एवढंच सांगते, खोटं काहीच नाही त्यात. पुढचं पुढे बघू. मी एक रुपयाही न घेता सहा मीटरं लावून देते, सहा चांगले काटे कुठूनही शोधून आणते, आणि कोणाला काही कळणार नाही.

"आणि खरखर?" मामा म्हणाला. "खरखर कुठल्या काट्यावर दिसते?"

ती दिसत नाही. मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही त्याला माहीत होतं.

"फोन लाव," तो म्हणाला. "मी बोलतो."

मी नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला. मामाला फोनवर बोलताना मी बऱ्याच दिवसांनी बघत होते. पलीकडून कोणी उचलला की नाही हे त्याला कळेना, म्हणून त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी मान हलवली तेव्हा सुरू झाला.

"मी बोलतोय. डब्यात दोष होता, तो सापडला, उद्यापर्यंत दुरुस्त होईल. पण तो पहिल्या दिवशी मला ऐकू यायला हवा होता. नाही आला. दोन वर्षं मला नीट ऐकू येत नाही. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं." एवढं बोलून त्याने फोन माझ्यापुढे धरला. "आता त्या काय म्हणतात ते तू ऐक."

मी फोन कानाला लावला. बाई म्हणाल्या की गेल्या महिन्यात त्यांनी मामाला जिन्यावर मागून तीनदा हाक मारली होती, तेव्हा शंका आली होती, पण विचारायचा धीर झाला नाही. शनिवारी बोर्डावर दुसरं कोणीतरी बसेल, म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच सपाट होता, फक्त शेवटी जरा अडखळला. मी हं म्हणाले, बरं म्हणाले. चेहरा दगडासारखा ठेवायचा प्रयत्न करत होते.

"बोर्ड गेला," मामा म्हणाला. मी अजून फोन ठेवलाही नव्हता.

बाई पुढे बोलत होत्या. मी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "बोर्ड गेला," मी म्हणाले. "पण माईक तूच लावायचेस. घशापुढे माईक किती लांब ठेवायचा, ते दुसऱ्या कोणाला जमत नाही म्हणाल्या. शनिवारी नऊ वाजता यायचं आहे."

"नऊ?"

"नऊ." मी बोटं दाखवली.

मामाने डबा आपल्याकडे वळवला आणि मीटरवरची चिकटपट्टी हळूच, काचेला डाग राहणार नाही अशी काढली. मग हात पुढे केला, आणि मी त्यात पक्कड दिली. त्याने माझ्या सरळ तारा एकेक करून तोडल्या. बफर कुठे बसेल ते बोटाने दाखवलं. जागा होती. मलाच ती दिसली नव्हती.

"काटे किती लावू?" मी विचारलं. "सहा आणते, खरंच."

"एक पुरे," मामा म्हणाला. "आता तिथे जो बसेल त्याला ऐकू येत असेल."

मी सोल्डरिंगची बंदूक तापायला लावली.